मुजुमदार, अमोल अनिल

मुजुमदार, अमोल अनिल : (११ नोव्हेंबर १९७४– ). मुंबईचे ख्यातनाम फलंदाज, मुंबईच्या रणजी संघाचे माजी कर्णधार आणि २०२५ मध्ये एकदिवसीय सामन्यांचा विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला क्रिकेट संघाचे प्रशिक्षक. प्रथम श्रेणीच्या १७१ सामन्यांत ३० शतकांसह ११,१६७ धावा करूनही त्यांना भारताकडून एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळावयास मिळाला नाही. खेळाडू म्हणून जे सर्वोच्च व्यासपीठ त्यांना लाभले नाही, त्यावर ते प्रशिक्षक म्हणून पोहोचले. भारतीय क्रिकेटमध्ये देशांतर्गत सामन्यांच्या अनुभवाचे मोल काय, ह्या जुन्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यांची कारकीर्द उद्‌बोधक ठरते.

त्यांचा जन्म मुंबई येथे झाला. त्यांची क्रिकेटमधील जडणघडण शिवाजी पार्क ह्या मैदानावर झाली. माहीम व दादर ह्या वस्त्यांच्या सीमेवरील हे मैदान मुंबई महानगरपालिकेने १९२५ मध्ये लोकांसाठी खुले केले. प्रारंभी ते ‘माहीम पार्क’ म्हणून ओळखले जाई. १९२७ मध्ये अवंतिकाबाई गोखले ह्यांच्या पुढाकाराने त्यास छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव देण्यात आले. भोवतालच्या मध्यमवर्गीय मराठी वस्तीतील मुलांना एकाच मोकळ्या जागेत अनेक क्लबांच्या खेळपट्ट्या उपलब्ध झाल्यामुळे हे मैदान मुंबईच्या क्रिकेटचे एक प्रमुख केंद्र बनले. रमाकांत विठ्ठल आचरेकर (१९३२–२०१९) ह्यांनी ह्याच मैदानावर आपला प्रशिक्षणवर्ग चालविला. आचरेकर स्वतः प्रथम श्रेणीचा केवळ एकच सामना खेळले होते. तथापि प्रशिक्षक म्हणून त्यांना १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार व २०१० मध्ये पद्मश्री हे सन्मान लाभले. नेटमधील सरावापेक्षा प्रत्यक्ष सामने अधिक खेळविणे, हे त्यांच्या पद्धतीचे मुख्य सूत्र होते. एका सामन्यात बाद झालेल्या मुलाला लगेच दुसऱ्या सामन्यात खेळावयास पाठविले जाई. त्यामुळे भिन्न खेळपट्ट्या व भिन्न गोलंदाज ह्यांच्याशी जुळवून घेण्याची सवय लहान वयातच अंगी बाणत असे.

आचरेकरांच्या मार्गदर्शनासाठी मुजुमदार दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिर ह्या शाळेत दाखल झाले. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्ड ह्या शालेय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात ह्या शाळेच्या सचिन तेंडुलकर (नाबाद ३२६) व विनोद कांबळी (नाबाद ३४९) ह्यांनी सेंट झेव्हियर्स शाळेविरुद्ध आझाद मैदानावर ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. शारदाश्रमाने २ बाद ७४८ धावांवर डाव सोडला. त्यांच्यानंतर फलंदाजीस येण्यासाठी पॅड बांधून मुजुमदार बसून राहिले होते. त्यांची पाळी आलीच नाही. पुढील काळात त्यांच्या कारकीर्दीविषयी लिहिताना ह्या प्रसंगाचा उल्लेख वारंवार केला गेला.

प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये त्यांनी १९९३–९४ च्या हंगामात मुंबईकडून फरीदाबाद येथे हरयाणाविरुद्ध पदार्पण केले आणि पहिल्याच सामन्यात २६० धावा केल्या. पदार्पणातील सर्वोच्च धावांचा हा जागतिक विक्रम डिसेंबर २०१८ पर्यंत अबाधित होता. मध्य प्रदेशाच्या अजय रोहेरा ह्यांनी नाबाद २६७ धावा करून तो मोडला. १९९४ मध्ये ते १९ वर्षांखालील भारतीय संघाचे उपकर्णधार होते. त्यानंतर राहुल द्रविड व सौरव गांगुली ह्यांच्या समवेत ते भारत ‘अ’ संघातूनही खेळले. भारतीय संघातील त्यांची निवड केवळ काळाचा प्रश्न आहे, असे त्या वेळी मानले जात होते. तथापि जून १९९६ मध्ये द्रविड व गांगुली ह्यांचे, तर त्याच वर्षाच्या अखेरीस व्ही. व्ही. एस. लक्ष्मण ह्यांचे कसोटी क्रिकेटमध्ये आगमन झाले. तेंडुलकर संघात आधीपासूनच होते. ह्या चौघांनी मधल्या फळीतील जागा दीर्घकाळ व्यापल्या आणि मुजुमदार ह्यांच्यासारख्या फलंदाजांसाठी संघाचे दार बंदच राहिले.

तरीही त्यांच्या फलंदाजीतील सातत्य कमी झाले नाही. रणजी करंडक स्पर्धेत अमरजित केपी ह्यांचा एकूण धावांचा विक्रम मागे टाकून त्यांनी नऊ हजारांहून अधिक धावा केल्या. हा विक्रम पुढे वसीम जाफर ह्यांनी ओलांडला. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांची सरासरी ४८.१३ इतकी होती. कर्णधार म्हणून २००६–०७ चा हंगाम त्यांच्या कारकीर्दीत विशेष महत्त्वाचा ठरला. पहिले तीन सामने गमावल्यामुळे मुंबईचा संघ स्पर्धेतून बाहेर पडण्याच्या बेतात होता. तेथून सावरून संघाने उपांत्य फेरी गाठली. बडोद्याविरुद्धच्या त्या सामन्यात दुसऱ्या डावात धावफलकावर एकही धाव नसताना मुंबईचे पाच गडी बाद झाले. तरीही सामना मुंबईने जिंकला. वानखेडे स्टेडियमवरील अंतिम सामन्यात बंगालचा पराभव करून मुंबईने सदतिसाव्यांदा रणजी करंडक मिळविला.

२००९ मध्ये मुजुमदार ह्यांनी मुंबईचा संघ सोडला. त्यानंतर ते आसाम व पुढे आंध्र ह्या संघांकडून खेळले. विजयाची परंपरा असलेल्या संघातून तुलनेने दुर्बल संघांत जाण्याचा हा अनुभव त्यांना प्रशिक्षकाच्या भूमिकेत उपयोगी पडला. नवोदित खेळाडूंसमवेत खेळणे, त्यांच्या अडचणी समजून घेणे आणि मर्यादित बळावर संघाची बांधणी करणे, हे त्यांना तेथे शिकता आले. सप्टेंबर २०१४ मध्ये त्यांनी प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमधून निवृत्ती जाहीर केली.

प्रशिक्षक हे पद क्रिकेटमध्ये तुलनेने उशिरा रूढ झाले. फुटबॉलमध्ये संघाची आखणी प्रशिक्षकाच्या हाती असते. भारतीय फुटबॉल संघाला सय्यद अब्दुल रहीम ह्यांच्यासारखा समर्थ प्रशिक्षक १९५० मध्येच लाभला होता. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ व १९६२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदके जिंकली, तसेच १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान मिळविले. ह्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे नेव्हिल डिसोझा हे मुंबईचे खेळाडू होते. क्रिकेटमध्ये मात्र मैदानावरील निर्णय कर्णधाराचे असत आणि संघाबरोबर केवळ व्यवस्थापक जाई. अजित वाडेकर ह्यांच्याकडे १९९२ मध्ये भारतीय संघाचे व्यवस्थापन आले, तेव्हा ह्या पदास प्रशिक्षकाचे स्वरूप येऊ लागले. २००० मध्ये जॉन राइट ह्यांच्या नियुक्तीनंतर ते स्थिरावले. ह्या पदासाठी पुष्कळदा आंतरराष्ट्रीय कीर्तीच्या खेळाडूंचाच प्रथम विचार होत असे.

मुजुमदार ह्यांनी नेदर्लंड्सच्या संघाचे, तसेच इंडियन प्रीमियर लीगमधील राजस्थान रॉयल्स ह्या संघाचे फलंदाजी-प्रशिक्षक म्हणून काम केले. २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या भारत दौऱ्यातील कसोटी मालिकेसाठी त्या संघाने फलंदाजीच्या प्रशिक्षणाचे काम त्यांच्याकडे सोपविले. २०२१ मध्ये ते मुंबईच्या संघाचे प्रशिक्षक झाले. २०२१–२२ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मुंबईला मध्य प्रदेशाकडून पराभव पतकरावा लागला. ह्या विजयी संघाचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित हेही आचरेकरांचेच शिष्य होते. पंडित ह्यांच्याच मार्गदर्शनाखाली विदर्भाने २०१७–१८ व २०१८–१९ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला होता. प्रवीण अमरे व लालचंद राजपूत हे आचरेकरांचे शिष्यही प्रशिक्षक म्हणून यशस्वी ठरले. शिवाजी पार्कवरील परंपरेने फलंदाजांप्रमाणेच प्रशिक्षकही घडविले, हे ह्यावरून दिसून येते. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुजुमदार ह्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने सय्यद मुश्ताक अली करंडक प्रथमच जिंकला.

ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतीय महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी त्यांची नियुक्ती झाली. महिला क्रिकेटचा कारभार २००६ पासून भारतीय क्रिकेट नियामक मंडळाकडे आला होता. २००५ व २०१७ अशा दोन विश्वचषक स्पर्धांत भारतीय महिला संघ अंतिम सामन्यात पराभूत झाला होता. डिसेंबर २०२३ मध्ये भारताने इंग्लंडला ३४७ धावांनी हरविले आणि वानखेडे स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध महिलांच्या कसोटी क्रिकेटमधील आपला पहिला विजय मिळविला. २०२४ च्या वीस षटकांच्या विश्वचषक स्पर्धेत मात्र संघाला गटसाखळीच्या पुढे जाता आले नाही.

२०२५ च्या एकदिवसीय विश्वचषक स्पर्धेत भारताने दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया व इंग्लंड ह्यांच्याविरुद्धचे सामने लागोपाठ गमावले. इंग्लंडविरुद्धचा पराभव तर केवळ चार धावांनी झाला. ह्या पराभवांनंतर संघावर व संघाच्या निवडीवर बरीच टीका झाली. इंग्लंडविरुद्ध वगळलेल्या जेमिमा रॉड्रिग्ज ह्यांना पुढील सामन्यात परत घेऊन तिसऱ्या क्रमांकावर खेळविण्यात आले. न्यूझीलंडला हरवून भारताने उपांत्य फेरी गाठली. ३० ऑक्टोबर रोजी नवी मुंबई येथील उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने ३३८ धावा केल्या. रॉड्रिग्ज ह्यांच्या नाबाद १२७ व कर्णधार हरमनप्रीत कौर ह्यांच्या ८९ धावांमुळे भारताने पाच गडी राखून हे लक्ष्य पार केले. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये धावांचा इतका मोठा पाठलाग तोपर्यंत यशस्वी झाला नव्हता. त्याच मैदानावर २ नोव्हेंबर रोजी झालेल्या अंतिम सामन्यात भारताने ७ बाद २९८ धावा केल्या व दक्षिण आफ्रिकेचा ५२ धावांनी पराभव केला. जखमी प्रतिका रावल ह्यांच्या जागी ऐन वेळी संघात आलेल्या शेफाली वर्मा ह्यांनी ८७ धावा काढून दोन बळीही घेतले. दीप्ती शर्मा ह्यांनी अर्धशतकासह पाच बळी मिळविले. भारतीय महिला संघाचा हा पहिलाच विश्वचषक होय.

तीन पराभवांनंतर विजेतेपद मिळविण्याचा २००६–०७ मधील अनुभव मुजुमदार ह्यांच्या गाठीशी होता. विजयाचे श्रेय अर्थातच मुख्यतः खेळाडूंचे असते. तथापि पराभवाच्या काळात संघाचा तोल न ढळू देणे आणि वगळलेल्या खेळाडूसाठी परतीची वाट मोकळी ठेवणे, हे प्रशिक्षकाचे काम आहे. स्वतःची पाळी येण्याची दीर्घकाळ वाट पाहिलेल्या मुजुमदार ह्यांना त्याचे महत्त्व विशेष जाणवले असल्यास नवल नाही. उत्तम प्रशिक्षक होण्यासाठी आंतरराष्ट्रीय सामन्यांचा अनुभव अपरिहार्य नसतो, हे आचरेकरांनी मैदानावरील मुले घडवून दाखविले होते. मुजुमदार ह्यांनी तेच राष्ट्रीय संघाच्या पातळीवर सिद्ध केले.