खांबाला एरंडेल, हाताला पावडर

आजचा विषय थोडा वेगळा आहे: कसरत करणाऱ्यांची कातडी. यात कसला इतिहास, असं वाटेल. पण आहे, आणि तो आपल्या घरचा आहे.

१८११ साली बर्लिनच्या हासेनहाइड भागात फ्रीडरिश लुडविग यान यांनी व्यायामाचं खुलं मैदान सुरू केलं. आजच्या जिम्नॅस्टिक्सची मुळं तिथली. साधारण त्याच काळात इकडे दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेले बाळंभटदादा देवधर मल्लखांबाला नवं रूप देत होते. मल्लखांब त्याआधीचाच, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात त्याचा उल्लेख सापडतो.

आता फरक बघा. बारवर अंगाचा सगळा भार तळहातावर येतो. हात घामेजतो, घासतो, घट्टे पडतात. घट्टा उंच वाढला की बारवर चिमटतो आणि थेट सोलून निघतो. म्हणून तिथे हात कोरडा ठेवतात. मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पावडर, चामड्याच्या पट्ट्या आणि घट्टे घासून सपाट करणं, हे सगळं त्यासाठीच.

मल्लखांबात उलटं. तिथे तळहात एकटा नसतो; मांड्या, पोटऱ्या, काख, पोट, सगळ्यांनी पकड घ्यायची. ‘बगली’ हे नावच बगलेवरून आलंय. कापड घसरतं, कातडी धरते, म्हणून अंगावर लंगोट किंवा जांघ्या. पण कोरड्या लाकडावर उघडी कातडी भाजून निघणार! त्यावर उपाय एरंडेल तेल. ते इतकं घट्ट असतं की उभ्या खांबावरून पटकन ओघळत नाही. घसरताना कातडी वाचते, आणि आवळलं की पकडही बसते. घर्षण नको तिथे कमी, हवं तिथे पुरेसं. आम्हा इंजिनिअर लोकांना आवडेल असं डिझाइन!

दोरीच्या मल्लखांबात आधी वेत असायचा, पुढे सुती दोर आला. दोर पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामध्ये धरतात, त्यामुळे तिथली कातडी आधी सोलते.

१९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं ऑलिम्पिकच्या वेळी बर्लिनमध्ये भारतीय व्यायामप्रकार दाखवले. यानच्याच गावात, म्हणजे पावडरच्या माहेरी एरंडेल पोचलं म्हणा ना!

हे सगळं सांगायचं कारण वेगळंय. आमच्या अवसरी बुद्रुककडे कुस्तीचा आखाडा कुणाला समजावून सांगावा लागत नाही, आणि मल्लखांब मुळात मल्लांचाच सराव. पण आखाड्यातलं एक वाक्यही सगळीकडे ऐकू येतं: “सोललं तर सोललं, त्याशिवाय पैलवान होत नाही.” नवं पोर पहिल्या महिन्यात मांडी सोलली म्हणून घरी बसतं, आणि आपण त्याला नाजूक म्हणतो. अहो, ज्यांनी खांबाला तेल लावलं, त्यांनी कातडीचा विचार आधीच केला होता! जखम धुवा, झाका, भरेपर्यंत त्या जागेवर भार देऊ नका. हे लाड नव्हेत, परंपराच आहे.

भेटू पुढच्या भागात.