खुलताबादचा घाट उतरून नागसेनवनात

विहाराच्या वर्धापनदिनाच्या या अंकात बोर्डिंगविषयी लिहायचे आम्ही ठरवले, त्याला कारण घडले. रविवारच्या बालवर्गात एका पोराने विचारले, "बोर्डिंग म्हंजी काय?" ज्या बोर्डिंगांनी आपली घरं उभी केली, तो शब्दच मुलांना ठाऊक नाही!

परमपूज्य बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर बसले. शिपाई नसला की पाणी नाही. पुढे १९३४ साली ते सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यासाठी आपल्या भागात आले, तेव्हा दौलताबादच्या किल्ल्यापाशी हौदातल्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून केवढा गदारोळ झाला. आपली एस.टी. रोज त्याच किल्ल्यावरून जाते. जिथे पाण्याची ही गत, तिथे परगावी शिकायला गेलेल्या पोराला खोली कोण देणार, भाकरी कोण टाकणार? म्हणून शाळेइतकेच बोर्डिंग महत्त्वाचे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग काढले, तर बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला वसतिगृह सुरू केले.

आपण तेव्हा निजामी राज्यात. वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूत, आणि पदवीसाठी हैदराबाद गाठायचे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने जून १९५० मध्ये औरंगाबादेत कॉलेज सुरू केले, १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. प्रश्न विचारणाऱ्या मिलिंद राजाचे नाव कॉलेजला, उत्तरे देणाऱ्या भन्ते नागसेनांचे नाव परिसराला. मुलांना एवढे एकच सांगितले तरी अर्धा धडा झाला, असे आम्हांला वाटते.

पत्र्याची पेटी, एक वळकटी, आईने बांधून दिलेल्या भाकरी. घाट उतरला की पंचवीसेक किलोमीटरवर दुसरे जग. तिथे सगळे गोड होते असे नाही. डाळ पातळ असायची, घरच्या आठवणीने पोरं रात्री रडायची. आणि लेकी मागेच राहिल्या, हेही कबूल केले पाहिजे.

बोर्डिंग अमेरिकेतही होती. १८७९ साली कार्लाइल येथे तिथल्या आदिवासी मुलांसाठी सरकारी बोर्डिंग शाळा निघाली. मुलांचे केस कापले, नावे बदलली, मायबोली बोलली तर शिक्षा. अशा शाळांबद्दल २०२४ साली तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली. त्यांना मुलांनी घर विसरावे असे वाटत होते. आपलं पोरगं मात्र सुट्टीत आलं की वस्तीची पत्रं वाचायचं, म्हाताऱ्यांचे अर्ज लिहायचं.

यंदा बालवर्गात हाच इतिहास शिकवायचा आहे. पुस्तकापेक्षा वस्तू बऱ्या. ज्यांच्या माळ्यावर बोर्डिंगची पेटी असेल त्यांनी ती विहारात आणावी. आतले जुने कागद, मार्कशीट, फोटो काढून ठेवू नका. गंजली असली तरी चालेल.