मातीचा बैल : देव की खेळणे?

श्रावणी अमावास्येच्या आदल्या दिवशी तेलगावात दोन कामे एकाच वेळी चालू असतात. गोठ्यात खांदेमळणी असते. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या बैलांच्या खांद्यांना हळद आणि तूप चोळले जाते. इकडे ओसरीवर परातभर भिजवलेल्या मातीपुढे आजी आणि नातवंडे बसलेली असतात. तेथे दुसरे बैल घडत असतात. ज्यांच्या दावणीला जनावर आहे त्यांच्याकडे हौसेने घडतात. ज्यांच्याकडे नाही त्यांच्याकडे तर घडावेच लागतात, कारण उद्या पोळा आहे आणि पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायला बैल हवा.

तेलगाव हे बीड जिल्ह्याच्या धारूर तालुक्यातील गाव. बीड–परळी आणि माजलगाव–धारूर हे रस्ते येथे एकमेकांना छेदतात. उत्तरेकडे गोदावरी खोऱ्याची काळी जमीन, दक्षिणेकडे बालाघाटचे डोंगर. इतिहासप्रेमींना या परिसरातील धारूरचा किल्ला ठाऊक असतो. ओसरीवरचा बैल मात्र कोणत्याही बखरीत, फर्मानात किंवा शिलालेखात येत नाही. हा धागा त्या बैलाविषयी आहे.

दख्खनमधील उत्खननांत मातीचे छोटे बैल वारंवार सापडतात. सापडले की त्यांची नोंद बहुधा दोनपैकी एका शीर्षकाखाली होते : ‘धार्मिक विधीची वस्तू’ किंवा ‘खेळणे’. पाय मोडलेला, ओबडधोबड बैल हातात आल्यावर हा निर्णय कसा करायचा? काही वेळा पुरावा बोलका असतो. सिंधू संस्कृतीतील काही बैलांची डोकी वेगळी घडवून दोऱ्याच्या साहाय्याने हलती ठेवलेली आहेत. चाकांसाठी आरपार भोक असलेल्या छोट्या गाड्याही मिळाल्या आहेत. ही खेळणीच, असे म्हणायला फारशी हरकत येत नाही. पण ज्या बैलाला ना भोक आहे ना चाक, त्याचे काय?

उत्तर शोधण्याआधी बैल घडतो कसा, ते पाहायला हवे. काळी माती या कामाला तशी अडचणीची. ती पाण्याने फुगते, वाळताना आकसते आणि भेगाळते. उन्हाळ्यात रानाला ज्या भेगा पडतात त्याच बैलाच्या पाठीवर पडतात. म्हणून खडे वेचून माती भिजवायची, चांगली मळायची आणि तिच्यात थोडी राख किंवा शेण मिसळायचे. पाय बारीक केले तर वाळताना तुटतात, म्हणून ते आखूड आणि जाड ठेवायचे. मग अंगठा आणि तर्जनी यांच्या एका चिमटीत पाठीवर वशिंड उभे राहते. लहान मुलाला सर्वांत आधी जमते ते हेच. शिंगे शेवटी, आणि डोळ्यांच्या जागी ज्वारीचे दाणे. उत्खननांतील हातघडीच्या बैलांचे आखूड पाय आणि चिमटीतून उभे राहिलेले वशिंड पाहून पुष्कळदा ‘प्राथमिक अवस्थेतील कला’ असा शेरा मारला जातो. ओसरीवर तासभर बसलेल्या माणसाला त्यात कलेच्या अवस्थेपेक्षा मातीचा स्वभाव अधिक दिसेल.

आता पुणे जिल्ह्यात, घोड नदीकाठच्या इनामगावला जाऊ. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत येथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही त्यातील प्रमुख नावे. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात येथे शेतकऱ्यांची वस्ती होती. त्यातील एका घराच्या जमिनीखाली एक विलक्षण गोष्ट निघाली : मातीचे लंबगोल झाकणबंद पात्र, त्याच्या आत एक स्त्रीमूर्ती, आणि झाकणावर शीर नसलेली दुसरी स्त्रीमूर्ती व एक बैल. मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोके होती. मध्ये काडी घातली की देवी बैलावर बसती होत असे. काळ इसवी सनापूर्वी सुमारे १३००.

या वस्तूंविषयीची कळीची गोष्ट अशी की त्या भाजलेल्या नव्हत्या. इनामगावच्या लोकांना भट्टीचे तंत्र उत्तम अवगत होते. जोर्वे संस्कृतीची पातळ, खणखणीत वाजणारी भांडी त्याची साक्ष देतात. तरीही देवी आणि बैल त्यांनी कच्चे ठेवले. म्हणजे ही वस्तू टिकावी अशी अपेक्षाच नसावी; विशिष्ट प्रसंगासाठी घडवायची आणि काम झाले की मातीत द्यायची. ती आज आपल्यापर्यंत पोहोचली, ती केवळ पुरली गेली म्हणून. जे कच्चे बैल पुरले गेले नाहीत, ते पहिल्याच पावसाळ्यात विरघळले असणार. पुरातत्त्वाच्या हाती लागलेले बैल हे अशा रीतीने मुळातल्या संख्येचा अगदी छोटा अंश ठरतात, आणि तोही बहुतांशी भट्टीतून गेलेला.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. इनामगावच्या बैलावरून पोळा ३,३०० वर्षे जुना असल्याचे सिद्ध होत नाही. मधल्या काळाची साखळी जोडणारा पुरावा नाही, आणि अशा उड्या मारणाऱ्या पोस्टची समाजमाध्यमांवर तूट नाही. तेलगावची ओसरी पुरावा म्हणून उपयोगी पडत नाही. ती प्रश्न तपासायला उपयोगी पडते. कारण ‘देव की खेळणे’ हा प्रश्न तेथे टिकतच नाही. सकाळी तो बैल पाटावर बसतो, त्याला कुंकू लागते, घास भरवला जातो. त्या वेळी कोणी त्याला पायाने स्पर्श केला तर आजी रागावते. पुढे कुठे त्याचे विहिरीत विसर्जन होते, तर कुठे तो मुलांच्या ताब्यात जातो. मग ज्वारीच्या धांड्यांची गाडी तयार होते, सुतळीचे जोते होते आणि तोच देव अंगणात औत ओढू लागतो. वस्तू तीच, प्रहर बदलला. संग्रहालयातील पाटीला प्रहर दाखवता येत नाही, एवढीच अडचण.

या सगळ्यात मूल कुठे असते? इतिहासलेखनात ते बहुधा राजपुत्र म्हणून येते किंवा येतच नाही. पुरातत्त्वात येते ते मृत्यूच्या वाटेने. इनामगावात लहान मुलांची दफने घरातील जमिनीखाली केलेली आढळतात : दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले आणि आत बाळ. प्रवरेकाठच्या नेवाशात एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि ती ज्या धाग्यात ओवली होती त्याचे अंशही मण्यांत टिकले होते. कोणीतरी तो धागा ओवला होता. पण त्या मुलाने स्वतः काय घडवले, हे त्यातून कळत नाही.

ते कळण्याची एक वाट आहे : बोटांचे ठसे. मुलांच्या बोटांवरील रेषा प्रौढांपेक्षा अरुंद असतात. चेक प्रजासत्ताकातील दोल्नी वेस्तोनित्से येथे सापडलेली, पंचवीस हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची भाजक्या मातीची स्त्रीमूर्ती प्रसिद्ध आहे. तिच्या पृष्ठभागावरील एक ठसा अभ्यासकांनी ७ ते १५ वर्षे वयाच्या मुलाचा ठरवला. मुलाने ती घडवली असेल, किंवा ओली असताना नुसती उचलली असेल. काहीही असो, मूल त्या मातीजवळ होते. दख्खनमधील ओबडधोबड बैलांकडे या नजरेने पाहिले, तर ‘अकुशल कारागीर’ म्हणून नोंदलेल्यांपैकी काही जण सहा-सात वर्षांचे निघण्याची शक्यता नाकारता येत नाही.

भाजलेल्या खेळण्यांची कथा वेगळी आहे. त्यासाठी तेलगावहून दक्षिणेला बालाघाट ओलांडून धाराशिव जिल्ह्यातील तेरला जावे लागते. हेच प्राचीन तगर. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे नगर म्हणून त्याचा उल्लेख आहे. तेथून भडोचच्या बंदराकडे कापड जाई. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडणाऱ्या वस्तू चिकाटीने जमवल्या, आणि त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय आज तेथे आहे. त्यातील सातवाहनकालीन मृण्मूर्ती पाहताना फरक लगेच जाणवतो. केओलिन या पांढऱ्या मातीच्या, दुहेरी साच्यातून काढलेल्या, आतून पोकळ, नीट भाजलेल्या. ही कारागिराची, बाजारासाठीची निर्मिती. घरातल्या मुलाने त्या हाताळल्या असतील; घडवल्या नसतील.

घडवलेले आणि विकत घेतलेले यांतील ही दरी संस्कृत नाटककार शूद्रकाने फार पूर्वी हेरली होती. ‘मृच्छकटिक’ या नावाचा अर्थच ‘मातीची गाडी’. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून मातीच्या गाडीशी खेळायला तयार नसतो, आणि वसंतसेना आपले दागिने त्या गाडीत भरते. पुढचे सारे संकट तेथून वाढत जाते. गोविंद बल्लाळ देवलांच्या संगीत नाटकामुळे मराठी घरांना ही कथा परिचित झाली. विदर्भातील तान्ह्या पोळ्यातही ही दरी दिसते : लाकडी नंदी जितका उंच, तितकी घरची ऐपत मोठी.

स्वस्त, हाताशी असलेल्या वस्तूंना शिक्षणाचा दर्जा देण्याचे काम विसाव्या शतकात ताराबाई मोडक यांनी केले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्यात परवडणार नाहीत, हे ओळखून त्यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. पाने, बिया, शिंपले, माती हीच त्यांची साधने. आजी मुलाच्या हाती मातीचा गोळा देते तेव्हा काय घडते, याची शास्त्रीय भाषेतील ती पहिली गंभीर दखल म्हणता येईल.

तेलगावच्या परिसरात या गोळ्याला आणखी एक संदर्भ आहे. दसरा झाला की बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. तेलगावलाच साखर कारखाना आहे. हंगामात त्याच्याभोवतीही तोडणी मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. इनामगावच्या अखेरच्या कालखंडात, इसवी सनापूर्वी १००० नंतर, ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. पाऊस कमी झाला, शेती खालावली आणि लोक अर्धभटके झाले, असे ढवळीकरांचे प्रतिपादन होते. दोन काळांची तुलना फार ताणू नये, पण फिरत्या संसारात काय मागे राहते हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. गाडीत धान्य, भांडी, अंथरूण आणि लेकरे भरली की कच्च्या मातीच्या बैलाला जागा उरत नाही. कोपीवर मुले नवे खेळ उभारतात, उसाची चिपाडे आणि फडाच्या बांधावरची माती घेऊन. तेही तेथेच राहतात.

अलीकडे बाजारात प्लास्टर ऑफ पॅरिसचे रंगीत बैल मिळतात. ते सुबक असतात, सगळे एकसारखे असतात आणि पाण्यात लवकर विरघळत नाहीत. उद्याच्या उत्खनकाला तेच सापडतील.

पोळ्याच्या अमावास्येपासून विजयादशमीपर्यंत चाळीस तिथी होतात. ओसरीवरच्या बैलाचे आयुष्य फार तर तेवढेच. एक शिंग बहुधा पहिल्या आठवड्यातच मोडलेले असते, आणि डोळ्यांतले ज्वारीचे दाणे कोंबडीने टिपलेले असतात.