मतदार यादीतली नावे तीन रकान्यांत कशी मांडतात? डेटाबेस ते वेब पान

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघाचा निकाल अवघ्या ४८ मतांनी लागला. जोगेश्वरी पूर्व (क्रमांक १५८) हा त्यातलाच एक विधानसभा मतदारसंघ. फरक इतका कमी असतो, तेव्हा यादीत नाव सापडणे किंवा न सापडणे महत्त्वाचे ठरते. अनेकदा नाव यादीत असते, पण मांडणी न कळल्याने ते नजरेतून सुटते.

क्वेरीचा निकाल म्हणजे काय?

डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाला क्वेरी म्हणतात. ‘या यादी भागातील सर्व मतदार दाखव’ अशी क्वेरी दिली की एकाखाली एक ओळी मिळतात. प्रत्येक ओळ म्हणजे एक मतदार: अनुक्रमांक, नाव, घर क्रमांक, वय. पानावर ही माहिती एकाच रकान्यात ठेवली तर उजवीकडची जागा रिकामी राहते आणि पाने वाढतात. म्हणून मतदार यादीच्या पूर्ण भरलेल्या पानावर ३ रकाने आणि १० ओळी, अशा ३० चौकटी असतात. १,२०० नावे अशा ४० पानांत बसतात.

आडवी की उभी?

मांडणीचे दोन प्रकार आहेत.

- आडवी: १, २, ३ एका ओळीत, ४, ५, ६ त्याखाली. मतदार यादी अशीच वाचायची असते. गणित सोपे आहे: क्रमांकातून १ वजा करून ३ ने भागायचे. भागाकार ओळ सांगतो, बाकी रकाना सांगते. दोन्ही शून्यापासून मोजायचे. पानावरचे १७ वे नाव घेतले तर १६ भागिले ३, भागाकार ५, बाकी १. म्हणजे सहावी ओळ, दुसरा रकाना.
- उभी: पहिला रकाना संपला की दुसरा सुरू. १०० नावे असतील तर १०० भागिले ३ करून वरचा पूर्णांक घ्यायचा, म्हणजे ३४. रकान्यांत अनुक्रमे ३४, ३४ आणि ३२ नावे येतात. वर्णानुक्रमाच्या यादीला ही पद्धत सोयीची, कारण नजर वरून खाली धावते.

हे वेब पानावर कसे करतात?

पूर्वी प्रोग्रामर दर तिसऱ्या नावानंतर टेबलची नवी ओळ सुरू करत. आता ते काम सीएसएस करते. ‘ग्रिड’ची सोय २०१७ पासून प्रमुख ब्राउझरमध्ये आहे, ती आडवी मांडणी करते. ‘कॉलम-काउंट’ उभी मांडणी करते. त्यासोबत ‘ब्रेक-इनसाइड’ला ‘अव्हॉइड’ दिले की एका मतदाराची चौकट दोन रकान्यांत तुटत नाही.

चुका कुठे होतात?

१. क्रम न सांगणे: क्वेरीत ‘ऑर्डर बाय’ नसेल तर ओळी कोणत्या क्रमाने येतील याची हमी नसते.

२. फक्त नावाने क्रम लावणे: एकाच नावाचे दोन मतदार असतील आणि दर पानाला ३० नावे वेगळ्या क्वेरीने आणली, तर एक जण दोन पानांवर दिसू शकतो आणि दुसरा कुठेच नाही. नावानंतर अनुक्रमांकही क्रमात जोडावा.

३. मराठी वर्णक्रम विसरणे: युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये आहे, मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. ‘क्ष’ही ‘क’मध्ये जाऊन बसतो. त्यासाठी डेटाबेसला मराठीचे कोलेशन, म्हणजे वर्णक्रमाचा नियम, सांगावा लागतो.

४. तीन वेगळ्या याद्या करणे: १, ४, ७ पहिल्या यादीत, २, ५, ८ दुसऱ्यात असे वाटून ठेवले तर संगणकावर सारे ठीक दिसते. मोबाइलवर मात्र रकाने एकाखाली एक येतात आणि क्रम १, ४, ७ असा होतो. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तीलाही तोच विस्कटलेला क्रम ऐकू येतो. नावे एकाच यादीत ठेवून रकाने सीएसएसवर सोपवावेत आणि लहान पडद्यावर एकच रकाना ठेवावा.

नाव शोधताना

छापील मतदार यादी वर्णानुक्रमे नसते. ती विभाग आणि घर क्रमांकानुसार असते. त्यामुळे आडनावाऐवजी आधी आपला विभाग, मग घर क्रमांक शोधावा आणि डावीकडून उजवीकडे वाचावे. त्याहून सोपे म्हणजे निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर मतदार ओळखपत्राचा क्रमांक टाकणे. यादी भाग आणि अनुक्रमांक लगेच मिळतो. १९५० या हेल्पलाइनवरही विचारता येते. नाव खरोखरच नसेल तर नोंदणीसाठी नमुना ६ भरावा लागतो.