गाडीचे रूपांतर : फियाट १२४ ते झिगुली

निकोलाय गोगोलच्या ‘डेड सोल्स’ (१८४२) या कादंबरीचा आरंभ एका घोडागाडीने होतो. स्प्रिंगांवर बसवलेली ती लहानशी गाडी सरायच्या फाटकातून आत शिरते आणि जवळ उभे असलेले दोन शेतकरी तिच्या चाकाविषयी बोलू लागतात. हे चाक मॉस्कोपर्यंत टिकेल, कझानपर्यंत मात्र नाही, असा त्यांचा निष्कर्ष. आत कोण बसले आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. विद्यार्थी या प्रसंगाला हसतात. आम्हांला मात्र तो वाचताना, कझान ज्या व्होल्गेच्या काठी आहे त्याच नदीकाठची, सुमारे सव्वाशे वर्षांनंतरची एक हकिकत आठवते.

१९६६ साली सोव्हिएत सरकारने इटलीच्या फियाट कंपनीशी करार केला. फियाट १२४ ही मोटार तेव्हा नुकतीच बाजारात आली होती; १९६७ची ‘युरोपियन कार ऑफ द इयर’ हा मानही तिला मिळाला. तिच्यासाठी तोल्याती शहरात कारखाना उभारण्यात आला. (पाल्मिरो तोल्याती या इटालियन कम्युनिस्ट नेत्याचे नाव शहराला आधीच, १९६४ साली, दिलेले होते. योगायोग, दुसरे काय!)

गाडी सुरेख होती. परंतु तिची घडण इटलीच्या रस्त्यांसाठी झालेली. रशियन भाषेत ‘रास्पुतित्सा’ असा एक स्वतंत्र शब्दच आहे. बर्फ वितळताना आणि शरदातल्या पावसात कच्च्या रस्त्यांचा निव्वळ चिखल होतो, तो काळ म्हणजे रास्पुतित्सा. सोव्हिएत चाचण्यांत दगडी फरसबंदीवर धावून या मोटारींच्या बॉडीला तडे गेले, आणि मागच्या चाकांचे डिस्क ब्रेक चिखलापुढे निरुपयोगी ठरले.

मग स्प्रिंग अधिक कडक का करू नये? आम्हां भाषेच्या मास्तरांना प्रथम हेच सुचले. पण स्प्रिंग धक्का साठवते आणि परत देते. ती फार मऊ असेल तर खड्ड्यात पुरती दबून आस वर आदळतो. फार कडक असेल तर धक्का न साठवता थेट बॉडीकडे पाठवते, आणि तडा तिथे जातो. म्हणजे एका स्प्रिंगेचा शब्द बदलला की सारे वाक्यच फिरवावे लागते. त्याप्रमाणे गाडी जमिनीपासून उंच उचलली गेली, सस्पेन्शन मजबूत झाले, बॉडीचा पत्रा जाड झाला. मागचा आस चार लांब दांड्यांनी आणि एका आडव्या दांडीने धरून कॉइल स्प्रिंगांवर बसवला गेला. मागे डिस्कऐवजी ड्रम ब्रेक आले. चिखलात रुतल्यास ओढून काढण्यासाठी कड्या आल्या आणि थंडीत इंजिन हाताने फिरवता यावे म्हणून हँडलची सोयही. एकूण बदल आठशेंहून अधिक. त्यापायी गाडी मूळ फियाटपेक्षा पुष्कळ जड झाली, ही या कामाची किंमत. १९ एप्रिल १९७० रोजी पहिल्या गाड्या कारखान्याबाहेर पडल्या. जवळच्या टेकड्यांवरून तिचे नाव झिगुली. परदेशी बाजारात ती लाडा झाली. तिच्या घराण्यातल्या गाड्या २०१२पर्यंत तयार होत होत्या.

इतके होऊनही ‘फियाटची नक्कल’ हा शिक्का तिच्यावर बसला तो बसलाच. बाह्याकृती इटालियन, म्हणून सारेच इटालियन, असा हा न्याय. ज्यांनी देवलांचे ‘झुंझारराव’ (१८९०) अभ्यासले आहे त्यांना तो परिचित असेल; ‘ऑथेल्लो’चे कथानक ओळखू आले की देवलांनी काय केले हे पाहण्याचे आपण थांबतो. झिगुलीचे खरे रूपांतर तर गाडीखाली वाकून पाहिल्याशिवाय दिसतच नाही, आणि समीक्षक सहसा वाकत नाहीत.

१९८५ साली याच १२४ची बॉडी स्पेनच्या सेआत कंपनीमार्गे आपल्या कुर्ल्याला आली. तिला निस्सानच्या बनावटीचे इंजिन मिळाले आणि प्रीमियर ११८ एनई असे नाव. आमच्यापैकी काहींनी तिच्या मागच्या आसनावर बसून लहानपणी खंडाळ्याचा घाट चढलेला आहे. तिला व्होल्गाकाठी एक जाड पत्र्याचे भावंड आहे, याची तेव्हा आम्हांला कल्पना नव्हती.