५०४ जादा नळ्या

२ डिसेंबर १९४२ रोजी शिकागोत माणसाने घडवलेली पहिली अणुसाखळी प्रक्रिया सुरू झाली, ती विद्यापीठाच्या क्रीडांगणात, प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालच्या एका स्क्वॉश कोर्टात. ही जागा शास्त्रीय कारणांनी निवडलेली नव्हती. शहराबाहेर अर्गोनच्या रानात या प्रयोगासाठी वेगळी इमारत बांधायची होती आणि ते काम स्टोन अँड वेबस्टर या कंपनीकडे होते. कामगारांच्या तंट्यामुळे बांधकाम रखडले, म्हणून भौतिकशास्त्रज्ञ फर्मी यांनी ग्राफाइटचा ढिगारा, म्हणजे ती पहिली भट्टी, भर वस्तीत रचला. पाठ्यपुस्तकात फर्मी यांचे नाव असते, रखडलेल्या बांधकामाचा उल्लेख नसतो. प्रयोगशाळा आणि कारखाने यांच्या इतिहासात मुख्य कंत्राटदार असाच तळटीपेत राहतो. माझ्या मते त्याची जागा मुख्य मजकुरात आहे. गोदाम किंवा चाळ बांधताना इमारत वेगळी आणि आतले सामान वेगळे असते. अणुभट्टीत किंवा रसायनशाळेत भिंतीची जाडी, नळाचा सांधा, आत खेळणारी हवा हे सगळे यंत्राचेच भाग असतात. अशा ठिकाणी बांधणाऱ्याला शंका काढण्याचा अधिकार करारात दिला आहे की नाही, यावर काम तडीस जाते किंवा बुडते. वॉशिंग्टन राज्यातील हॅनफर्ड येथील बांधकाम हा याचा सर्वांत ठळक पुरावा आहे.

तिथे अणुबॉम्बसाठी प्लुटोनियम तयार करण्याचे काम १९४२ च्या अखेरीस बॉम्ब प्रकल्पाचे प्रमुख जनरल ग्रोव्ह्ज यांनी ड्यूपाँ या रसायन कंपनीच्या गळी उतरवले. कंपनी फारशी राजी नव्हती. पहिल्या महायुद्धातील दारूगोळ्याच्या नफ्यावरून १९३४ साली सिनेटच्या समितीने तिची झडती घेतली होती आणि ‘मृत्यूचे सौदागर’ हा शिक्का अजून ताजा होता. म्हणून तिने होईल तो खर्च आणि वर फक्त १ डॉलर मोबदला, अशी अट घातली. या एका डॉलरची गोष्ट देशभक्तीची म्हणून सांगितली जाते. मला तिचे महत्त्व वेगळे वाटते. नफा कामाच्या दराशी बांधलेला नसल्यामुळे साहित्य वाचवून किंवा काम आखडून कंपनीला काहीच मिळणार नव्हते. सावधगिरी बाळगली तर तिच्या खिशाला तोशीस नव्हती. त्यातच ड्यूपाँ नुसती बांधणारी नव्हती. भट्टीचे तपशीलवार आराखडे तिचे अभियंते काढत आणि शिकागोचे शास्त्रज्ञ ते तपासत. उभारलेला कारखाना पुढे चालवायचाही तिलाच होता. आपण बांधलेल्या इमारतीत आपल्यालाच राहायचे असले की मिस्त्रीचा हात आपोआप जपून चालतो.

वादाची ठिणगी पडली ती नळ्यांवरून. युरेनियमच्या कांड्या ज्या नळ्यांत ठेवायच्या, त्या ग्राफाइटच्या प्रचंड ठोकळ्यातून आडव्या जाणार होत्या आणि त्यांतूनच कोलंबिया नदीचे पाणी खेळून उष्णता वाहून नेणार होते. शास्त्रज्ञांच्या गणिताने गोलाकार मांडणीतल्या सुमारे १५०० नळ्या पुरेशा होत्या. ड्यूपाँचे अभियंते जॉर्ज ग्रेव्ह्ज यांनी चौकोनी ठोकळ्याचे रिकामे कोपरेही भरायचा आग्रह धरला. त्यामुळे संख्या २००४ झाली. प्रत्येक जादा नळीसाठी ग्राफाइटला भोक, पोलादाच्या संरक्षक भिंतीला भोक, पाण्याची जोडणी असे काम वाढणार होते. कंपनीच्या या सबुरीने शास्त्रज्ञ वैतागले. यूजीन विग्नर यांना तर ड्यूपाँची माणसे वेळ दवडताहेत असेच वाटे, आणि विग्नर स्वतः रसायन अभियांत्रिकी शिकलेले होते. १९४४ च्या सप्टेंबरअखेर हॅनफर्डची ‘बी’ भट्टी सुरू झाली. काही तासांतच तिची शक्ती उतरू लागली आणि ती विझली. नंतर आपोआप जागी झाली आणि पुन्हा विझली. भौतिकशास्त्रज्ञ जॉन व्हीलर यांनी या उठण्या-विझण्याच्या वेळांवरून कारण ओळखले. विखंडनातून अप्रत्यक्षपणे तयार होणारा झेनॉन-१३५ हा वायू न्यूट्रॉन गिळून टाकत होता. त्यावर मात करायला जास्त युरेनियम हवे होते, आणि ते ठेवायला कोपऱ्यांतल्या ५०४ नळ्या तयार होत्या. १५०० वरच थांबले असते तर किरणोत्सर्गाने भारलेल्या ठोकळ्याला नवी भोके पाडणे शक्यच नव्हते.

यावर पहिला आक्षेप असा की हा नशिबाचा भाग होता, ग्रेव्ह्ज यांना झेनॉनची कल्पना नव्हती. शिवाय न्यूट्रॉन गिळणाऱ्या अशा एखाद्या घटकाची शक्यता व्हीलर यांनीच आधी बोलून दाखवली होती आणि जादा नळ्यांना त्यांचाही पाठिंबा होता, मग श्रेय कंत्राटदाराला का? व्हीलर यांचे श्रेय मी नाकारत नाही. पण पाठिंबा देणे आणि पोलादात भोक पाडणे यांमध्ये खर्च, मुदत आणि रोष यांची भिंत असते. ती ओलांडायची सवय रसायन कारखाने बांधणाऱ्यांना होती. प्रयोगशाळेतली बरणी आणि कारखान्यातली टाकी सारखी वागत नाही, हे त्यांनी अनेकदा भोगले होते. नेमके काय बिघडेल हे ठाऊक नसताना काहीतरी बिघडेल एवढे धरून जागा सोडणे, हे ज्ञानच आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो वजनदार आहे. होईल तो खर्च देण्याचा करार म्हणजे उधळपट्टीला मोकळे रान. युद्धात तिजोरी उघडी होती, शांततेत असे कोण देईल? खरे आहे, आणि सरसकट असे करार करावेत असे मी म्हणतही नाही. पण आपल्याकडे रुळलेली पद्धत दुसऱ्या टोकाला आहे. नकाशे आधी पक्के होतात, मग निविदा निघते आणि सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम मिळते. तोवर शंका काढायची वेळ टळलेली असते, आणि काढली तरी ती जादा बिलाची खटपट समजली जाते. या पद्धतीत ५०४ नळ्या पहिल्याच बैठकीत कापल्या गेल्या असत्या.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. हॅनफर्डचे प्लुटोनियम नागासाकीवर पडले. तिथल्या रहिवाशांना आणि वानापम आदिवासींना त्यांच्या जमिनीवरून उठवले गेले, आणि सुमारे ४५,००० बांधकाम मजुरांच्या छावणीत कृष्णवर्णीयांच्या बराकी वेगळ्या होत्या. हे कौतुकाखाली झाकता येणार नाही. किरणोत्सारी गाळाच्या जमिनीखालच्या टाक्याही याच कंपनीने बांधायला घेतल्या. त्या तात्पुरत्या म्हणून बांधल्या गेल्या आणि पुढे अनेक गळल्या. माझ्या मुद्द्याला हे छेद देत नाही, उलट त्याची दुसरी बाजू दाखवते. भट्टीबाबत शंका काढायला मुभा होती. गाळाचे पन्नास वर्षांनी काय होईल, हे मालकाने विचारलेच नव्हते.

आपल्या शेजारचे उदाहरण कैगाचे आहे. कारवारजवळ काळी नदीच्या काठी अणुवीज केंद्राचे बांधकाम चालू असताना १३ मे १९९४ रोजी भट्टीच्या आतल्या आवरणाच्या घुमटातून शंभर टनांहून अधिक काँक्रीट सुटून खाली आले. भट्टीत इंधन नव्हते, जीवही गेला नाही. घुमटात ताणलेल्या केबल वक्र असतात, त्यामुळे त्या काँक्रीटला जाडीच्या दिशेनेही ओढतात, आणि त्या दिशेचे पोलाद अपुरे होते. आराखडा बदलून, त्या दिशेने सळ्या घालून घुमट नव्याने बांधला गेला आणि केंद्राची व्यावसायिक वीजनिर्मिती २००० साली सुरू झाली. कागदावर केबलची रेघ ओढणारा आणि साइटवर ती केबल ताणणारा, या दोघांची गाठ काम सुरू होण्यापूर्वी पडायला हवी. लस, औषधे, संशोधन यांसाठी आज महाराष्ट्रात इमारती उभ्या राहत आहेत. त्यांच्या निविदांचे मसुदे लिहिणाऱ्यांना एवढीच विनंती आहे की नकाशे पक्के होण्याआधी बांधणाऱ्याला टेबलावर बोलवा, आणि त्याच्या शंकांच्या वेळेचे पैसे करारात वेगळे धरा.