पेडणे-डिचोलीची कॉफी आणि एक जुना कर्जअर्ज



मागे मी बँकेतल्या जाडजूड लेजरच्या दिवसांवर लिहिलं होतं. आज विषय कॉफीचा आहे. पण बँकवाल्याचा कुठलाही विषय शेवटी कर्जखात्यावर येऊन थांबतो, तसाच हाही थांबणार, हे आधीच सांगून ठेवतो.

आमचं मूळ घर सावंतवाडीचं. घरात चहा रोजचा, कॉफी मानाची. कुणी खास पाहुणा आला, कुणाला ताप आला किंवा कोजागिरीचं जागरण असलं, तरच कॉफी. आई सहाणेवर जायफळ उगाळायची आणि दूध उतू जाईस्तोवर आम्ही चुलीपाशी बसून असायचो. डबा पोलसनचा. पोलसन म्हटलं की लोकांना लोणी आठवतं, पण पेस्तनजी एदलजी दलाल यांनी 1888 साली मुंबईत धंदा सुरू केला तो कॉफी दळून विकण्याचा. लोणी नंतर आलं. त्या कॉफीत चिकोरी असायची हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. तोवर कॉफीची खरी चव म्हणजे जायफळ, अशीच माझी समजूत होती!

1984 साली बदलीवर गोव्यात आलो. पहिल्याच आठवड्यात म्हापशाला एका दुकानावर ‘कॅफे’ अशी पाटी पाहिली, आत शिरलो आणि कॉफी मागितली. पोरगा म्हणाला, “च्या आसा.” गोव्यात कॅफे म्हणजे पातळ भाजी, पाव, मिरची आणि चहा. पणजीची कॅफे तातो आणि कॅफे भोसले ही नावं तुमच्यापैकी अनेकांच्या जिभेवर असतील, ती भाजी-पावासाठीच. पोर्तुगीज भाषेत ‘कॅफे’ म्हणजे कॉफी. राज्यकर्ते पाटी ठेवून गेले, पेय राहिलं आपलं चहाच.

मला याची गंमत वाटत आली आहे. 1727 साली पोर्तुगीजांनी शेजारच्या फ्रेंच वसाहतीतून कॉफीचं बी ब्राझीलला नेलं आणि पुढे ब्राझील जगात पहिल्या नंबरचा झाला. त्यांच्याच अंगोलातही कॉफीचं मोठं पीक. ब्राझीलचा काजू त्यांनी गोव्यात आणून रुजवला, पण कॉफी काही रुजली नाही. आणि कॉफीचा डोंगर तर आपल्या उशाशी! सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी हजच्या वाटेवर येमेनमधून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी कथा आहे. आज देशातली साधारण सत्तर टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात होते. म्हणजे घाट चढलं की कॉफी आणि उतरलं की चहा.

छोटे कॉफीवाले इतकी वर्षं का नव्हते, याचं कारण कॉमर्सवाल्याला लगेच पटेल. 1940च्या दशकापासून मळेवाल्याने आपली कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात घालायची असा कायदा होता. बोर्ड लिलाव करणार आणि पैसे हप्त्याहप्त्याने देणार. कुठल्या मळ्याचं बी कुणाच्या कपात गेलं, त्याचा पत्ताच नाही. 1992पासून हे नियम सैल होत गेले आणि 1996ला मळेवाला मोकळा झाला. त्यानंतरच कुणी तरुण मुलगा थेट मळ्यावर जाऊन दोन पोती विकत घेऊ शकतो आणि पिशवीवर त्या मळ्याचं नाव छापू शकतो.

हे सगळं आठवायला निमित्त झालं नातीचं. ती पुण्याला असते. गेल्या हिवाळ्यात आली ती मोपाला उतरली. डिसेंबर 2022मध्ये त्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि पेडणे तालुक्याचं रूपच पालटलं. माझ्या वेळी वसुलीला जायचं तर शिवोलीला फेरीबोटीत बसून चोपड्याला उतरायचं, मग मिळेल ती बस. आता नात म्हणते, “आजोबा, मांद्र्यात चांगली कॉफी मिळते, चला.” मी म्हटलं, मांद्र्यात मी हप्ते मागायला जात होतो, आता कॉफी मागायला जातो!

जुन्या घराच्या सोप्यावर चार टेबलं. काउंटरवर गावातलीच एक मुलगी. कार्डावर मळ्याचं नाव, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि पुढे ‘वॉश्ड’, ‘नॅचरल’ असं काय काय लिहिलेलं. मी विचारलं तर तिने मराठीत नीट समजावून सांगितलं. फळाचा गर काढून, बी धुऊन वाळवलं ते वॉश्ड. अख्खं फळच उन्हात वाळवलं ते नॅचरल, त्याला फळाचा वास राहतो. कप 240 रुपयांचा. मी पेन्शनर माणूस, पहिला घोट जरा रागातच घेतला. दूध नाही, साखर नाही. आंबट लागली. तिसऱ्या घोटाला मात्र वाटलं, ही आंबटशी चव ओळखीची आहे, पिकलेल्या करवंदाजवळची.

“ही भाजता कुठे?” मी विचारलं. ती म्हणाली, “डिचोलीहून येते.”

डिचोलीत मी दोन वेळा मिळून सात वर्षं काढली. माझी डिचोली म्हणजे कुंभारांची मडकी, कासारांच्या समया, शिरगावची लईराईची जत्रा, नार्व्याचा सप्तकोटेश्वर, आणि लाल धूळ. खाणींची धूळ टेबलावर, फायलींवर, जेवणाच्या डब्यावर. तिथे कॉफी कोण भाजतं, म्हणून दुसऱ्या दिवशी पत्ता काढून गेलोच.

घरामागे पत्र्याची उंच शेड. एवढी उंच शेड कशासाठी असते ते मला न सांगताही कळलं. तिथे ट्रक उभा राहायचा. आता आत एक लहानसं भाजणीचं मशीन, पोती आणि हवेतला ओलावा काढणारं यंत्र. मुलगा तिशीचा, इंजिनिअर. मी सवयीने हिशेब विचारला. एक किलो कच्चं बी भाजलं की साधारण 850 ग्रॅम उरतं, बाकी ओलावा आणि साल उडून जाते. दोनशे अंशांच्या आसपास बी तडतडतं, तो आवाज कान देऊन ऐकायचा. पुढची काही मिनिटं चुकली तर पूर्ण घाणा वाया. पावसाळ्यात बी ओलावा ओढून घेतं, तीच मोठी डोकेदुखी.

हा ओलावाच एकेकाळी या किनाऱ्याची कमाई होती. शिडाच्या जहाजातून युरोपला जायला महिनोन् महिने लागत, तेव्हा दमट हवेने बी फुगून पिवळसर होई आणि आंबटपणा जाई. तिकडच्या लोकांना तीच चव आवडू लागली. 1869ला सुएझ कालवा उघडला, प्रवास आखूड झाला आणि ती चव गेली. मग मुद्दाम पावसाळी वाऱ्यात बी पसरून ती पुन्हा आणली गेली. ‘मान्सून्ड मलबार’ म्हणतात ती हीच. मंगळूरकडे आजही करतात.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात मुलाचे वडील बाहेर आले. माझ्याकडे बघून म्हणाले, “सायबा, म्हाका वळखलो?”

ओळखलं. 2008 साल. चीनला खनिज जात होतं, डिचोलीत पैसा वाहत होता. यांच्याकडे एक ट्रक होता. ते माझ्याकडे अर्ज घेऊन आले होते तो काजू भाजायच्या लहान युनिटसाठी. मीच त्यांना म्हटलं होतं, “काजूत काय ठेवलंय? दुसरा ट्रक घ्या, कागद आजच करतो.” ट्रकचं कर्ज म्हणजे तारण भक्कम, हप्ते वेळेवर आणि माझं टार्गेट पूर्ण. काजूचा अर्ज मी खणात ठेवला. 2010ला हार घालून घेऊन निवृत्त झालो. 2012च्या सप्टेंबरात सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने. पुढे थोड्या सुरू झाल्या, तर 2018ला 88 लीज रद्द झाल्या. माझ्या सहीचे किती ट्रक दारात गंजले, ते मी कधी मोजलं नाही.

मी विचारलं, “दुसऱ्या ट्रकचं काय झालं?”

“भंगारात दिला. जमीन थोडी विकली, कर्ज फेडलं.” एवढंच म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला जास्त लागलं. मी म्हटलं, “तेव्हा तुमचा काजूचा अर्ज मंजूर करायला हवा होता. माझी चूक झाली.” ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “चूक आमचीय आसली. ट्रक आमकांय जाय आसलो.” आणि मुलाला कॉफी करायला सांगितलं.

मुलाने मशीन घेताना कर्ज काढलेलं नाही. बंगळूरची नोकरी करताना साठवले ते पैसे घातले. “आमच्या घरात आता हप्ता हा शब्द नको,” तो हसत म्हणाला. मला हसू आलं नाही.

पाव किलोची पिशवी घेतली. तो पैसे घेईना, मी बळेच दिले, पावतीही मागून घेतली. घरी येऊन पत्नीने तिच्या पद्धतीने केली, भरपूर दूध, साखर आणि वर जायफळ. नात म्हणाली, “आजोबा, या कॉफीत जायफळ घालणं म्हणजे पाप आहे.” मी म्हटलं, माझ्या नावावर याहून मोठी जमा आहेत.

मंडळी, तुमच्या घरी कॉफीचा डबा कुठला होता? आणि डिचोली-सांखळीकडचं कुणी वाचत असेल, तर 2012नंतर तुमच्याकडे काय झालं तेही लिहा. ते कुठल्याच लेजरमध्ये नाही.